हवाईचं हुली-हुली चिकन घरच्या ओव्हनमध्ये: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा हे चिकन केलं तेव्हा वीस मिनिटांत वरून कोळसा झाला, हाडाजवळ मांस लालच राहिलं आणि ट्रे दोन दिवस पाण्यात भिजत पडला. साहित्य सगळं होतं, मापंही बरोबर होती. चूक एकच झाली होती: गोड सॉस सुरुवातीलाच ओतला होता. साखरेला जळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ कोंबडीच्या तंगडीला शिजायला लागतो, हे लक्षात यायला मला तीन रविवार लागले. तुमचे ते रविवार वाचावेत म्हणून हे लिहितेय.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दीड वर्ष हवाईतल्या ओआहू बेटावर होतो. होनोलुलू शहर याच बेटावर आहे. शनिवार-रविवारी उत्तर किनाऱ्यावर हालेइवाकडे गाडी काढली की रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळ्यांवर अख्ख्या कोंबड्या भाजताना दिसायच्या. धूर आधी दिसायचा, मग वास यायचा, आणि मग रांग. पुण्यात परत आल्यावर ना तो धूर, ना ती जागा. फ्लॅटमध्ये ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, बस्स. खालची सगळी कृती त्या ओटीजीवर चुकत-सुधारत बसवलेली आहे.

हे चिकन नेमकं कुठलं?

‘हुली’ म्हणजे हवाईयन भाषेत उलटणं, फिरवणं. दोन जाळ्यांच्या मध्ये कोंबड्या दाबून ठेवायच्या आणि एक बाजू झाली की ‘हुली!’ म्हणून ओरडत सगळी जाळीच पालथी करायची, त्यावरून हे नाव पडलं. १९५५ मध्ये होनोलुलूचे व्यावसायिक अर्नेस्ट मॉर्गाडो यांनी शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात आपल्या आईच्या पद्धतीचा, जपानी तेरियाकीसारखा गोड-खारट सॉस लावून कोंबड्या भाजल्या. लोकांना त्या इतक्या आवडल्या की पुढे शाळा, चर्च, क्लब यांच्या निधी-संकलनाचा तो ठरलेला पदार्थ झाला. आजही तिथे शाळेला बसगाडी घ्यायची असली की मैदानात हुली-हुली चिकन भाजायला सुरुवात होते.

या सॉसमध्ये हवाईचा इतिहासच उकळतो म्हणा ना. उसाच्या मळ्यांवर काम करायला १८७८ पासून पोर्तुगीज आले, १८८५ पासून जपानी मजूर मोठ्या संख्येने आले. जपान्यांनी सोया सॉस आणला. हवाईत आजही कोणी ‘सोया सॉस’ म्हणत नाही, सगळे ‘शोयू’च म्हणतात. साखर मळ्यांची, अननस नंतरच्या बागांचा. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे हवाईयन भाषेत त्याचं नाव ‘हालाकाहिकी’, म्हणजे परदेशी हाला. हाला हे आपल्या केवड्याच्या जातीतलं झाड. आपण तरी काय, ‘अननस’ हा शब्द पोर्तुगिजांकडूनच उचलला.

एक गैरसमज आधीच काढून टाका. अननसाच्या चकत्या आणि लाल चेरी लावलेलं जे ‘हवाईयन चिकन’ अमेरिकेतल्या मासिकांत दिसतं, ते हवाईत कोणी घरचं समजत नाही. हवाईयन पिझ्झासुद्धा १९६२ मध्ये कॅनडाच्या ऑन्टॅरिओत जन्मला. आपण जे करणार आहोत त्यात अननस फक्त रसापुरता आहे.

काय काय लागेल

चार माणसांसाठी. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा, चमचा म्हणजे मोजायचा.

चिकन: चार अख्खे लेग, मांडी जोडलेले, कातडीसकट, मिळून साधारण एक किलो.

सॉस:
- लाइट सोया सॉस, अर्धा कप
- ब्राऊन शुगर, अर्धा कप
- अननसाचा रस, अर्धा कप
- टोमॅटो केचप, पाव कप
- व्हिनेगर, १ मोठा चमचा
- आलं, दोन इंच, किसून
- लसूण, ६ पाकळ्या, किसून
- भाजलेल्या तिळाचं तेल, १ छोटा चमचा
- लाल मिरचीचे फ्लेक्स, हवे तर

मीठ नाही. विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम घातलेलं नाही. सोया सॉसमध्ये ते भरपूर असतं.

हत्यारं: ओव्हनचा ट्रे आणि त्यावर बसेल अशी जाळी, अॅल्युमिनियम फॉइल, सिलिकॉनचा ब्रश, चिमटा, जाड बुडाचं छोटं पातेलं, पेपर टॉवेल. शक्य असेल तर मांसात खुपसायचा थर्मामीटर. ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि नवख्याला दुसऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

१. चिकनवाल्याकडे काय सांगायचं

आपल्याकडे दुकानात न विचारता कातडी काढतात. शर्ट काढावा तशी एका झटक्यात निघते, आणि तुम्ही पैसे काढेपर्यंत करी कटही झालेला असतो. म्हणून आधीच सांगा: ‘कातडी ठेवायची, लेग अख्खे, तुकडे करायचे नाहीत.’ कातडी ठेवायची तर गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात. काही दुकानांत त्याचं मशीन नसतं, काही जण गर्दीच्या वेळी नाही म्हणतात. रविवारी अकरा वाजता जाऊन हे मागू नका. शनिवारी संध्याकाळी सांगून ठेवा किंवा सकाळी लवकर जा.

कातडी कशाला एवढी? एक तर तिच्यातली चरबी वितळून मांसाला ओलं ठेवते. दुसरं, ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा आटवलेला सॉस, चिकटतो तो तिलाच. कातडी नाहीच मिळाली तर चिकनला तेलाचा हात लावा आणि पुढे सांगितलेल्या पहिल्या भाजणीतून पाचएक मिनिटं कमी करा. चव चांगलीच लागते, फक्त तो कुरकुरीत चकाकता पापुद्रा मिळत नाही.

ब्रेस्ट पीस घेऊ नका. निदान पहिल्यांदा तरी नको. ब्रेस्ट पाच मिनिटं जास्त राहिला की भुसा होतो, लेग मात्र चूक पोटात घालतो.

फ्रोजन लेग असतील तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. ओट्यावर ठेवून वितळवू नका. आणि नळाखाली जोरात धुतलंत तर कच्च्या चिकनचे शिंतोडे बेसिनभर उडतात. पेपर टॉवेलने टिपून घ्या, तेवढं पुरतं. आईसमोर मी अजून हे करू शकत नाही, तो भाग वेगळा.

२. सॉस कालवणं, आणि त्यातले चार सापळे

सगळं साहित्य एका भांड्यात घालून साखर विरघळेपर्यंत ढवळायचं. काम दोन मिनिटांचं. पण गोंधळ इथेच होतात.

पहिला सापळा सोया सॉस. आपल्या घरात हाका नूडल्ससाठी आणलेली जी बाटली असते, ती बहुतेक वेळा डार्क सोया सॉसची असते. काळीकुट्ट, दाट. तो अर्धा कप घातला तर चिकन काळं दिसेल आणि चव जड होईल. लाइट सोया सॉस घ्या, आणि लेबलवर ‘नॅचरली ब्रूड’ लिहिलेला मिळाला तर तोच घ्या. तो सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला असतो, त्यामुळे खारटपणामागे चव असते. हवाईतला शोयू आपल्या बाजारातल्या सोया सॉसपेक्षा सौम्य आणि जरा गोडसर असतो. म्हणून मी पाव कप सोया सॉस कमी करून तेवढं पाणी घालते. तुमची बाटली खारट असेल तर तुम्हीही तसंच करा. बोट बुडवून चाखलं की कळतंच.

दुसरा सापळा तिळाचं तेल. आपल्याकडचं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट. इथे हवंय ते भाजलेल्या तिळाचं, तपकिरी, ज्याचं झाकण उघडलं की संक्रांतीचे तीळ भाजल्यासारखा वास येतो. ते नसेल तर आपलं तेल वापरू नका. त्याऐवजी एक चमचा तीळ खरपूस भाजून कुटा आणि सॉसमध्ये टाका.

तिसरा सापळा गूळ. ‘ब्राऊन शुगरऐवजी गूळ चालेल का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. चालतो, पण सगळा गूळ घातला तर अननस गायब होतो आणि चिकनला गुळांब्याची आठवण येते. ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत परत मिसळलेली मळी. तेव्हा साधी साखर आणि त्यात एक मोठा चमचा काकवी, हा माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय. कोल्हापूरकडून कोणी काकवी आणली असेल तर ती पोळीबरोबर संपायच्या आत वाटीभर बाजूला काढा.

चौथा सापळा, आणि हा सगळ्यात मोठा: ताजा अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते प्रथिनं तोडतं. जास्त अननस खाल्ला की जीभ चरचरते त्यात त्याचाही हात असतो. कबाबाला आपण कच्ची पपई लावतो तेच काम, पण पपई बेताने लावतो. ताज्या रसात चिकन रात्रभर ठेवलं तर सकाळी बाहेरचा थर लगदा झालेला असतो, आणि भाजल्यावर पिठूळ लागतो. डब्यातल्या अननसाचा किंवा टेट्रापॅकचा रस गरम करून भरलेला असतो, त्यात हे एन्झाइम मेलेलं असतं, म्हणून तो बिनधोक. ताजाच वापरायचा असेल तर रस गाळून एक उकळी आणा, थंड करा, मग सॉसमध्ये घाला. टेट्रापॅक घेताना ‘साखर घातलेलं पेय’ आणि ‘रस’ यातला फरक बघून घ्या.

३. दोन वाटण्या करा, मग मुरवा

सॉस साधारण दीड कप होतो. चिकनला हात लावायच्या आधी त्यातला एक कप वेगळ्या डब्यात काढून झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. हा ग्लेझसाठी. उरलेला अर्धा कप मुरवायला.

हे आधी का? कारण कच्च्या चिकनला लागलेला सॉस नंतर तसाच वर लावता येत नाही. मीही एकदा मुरवलेल्याच भांड्यातला सॉस ब्रशने लावत बसले होते. त्यात कच्च्या मांसातले जंतू असतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते मरतीलच असं नाही. दोन वाटण्या केल्या की हा प्रश्नच उरत नाही. चिकन मुरवलेला सॉस सरळ टाकून द्या.

लेगवर मांडीच्या बाजूने दोन-दोन खोल चिरा द्या, हाडापर्यंत. कातडीच्या बाजूने चिरू नका. चिकन आणि अर्धा कप सॉस जाड झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, चोळा. कमीत कमी चार तास, जास्तीत जास्त बारा. रात्री करून ठेवलं तर दुपारच्या जेवणाला बरोबर येतं. चोवीस तास ठेवून मी पाहिलंय, सोया सॉसच्या मिठाने मांस हॅमसारखं घट्ट होतं.

४. ओव्हन तापवणं

चिकन भाजायच्या अर्धा तास आधी फ्रिजमधून काढा. ओटीजी २०० अंशांवर, खालचा आणि वरचा दोन्ही रॉड चालू, पंधरा मिनिटं आधी तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं लहान ओटीजीत गृहीत धरू नका. हवा तापलेली असते, भिंती नाही. दार उघडलं की सगळी उष्णता बाहेर जाते.

मायक्रोवेव्हवाल्यांसाठी: ‘कन्व्हेक्शन’ मोडच हवा. ‘ग्रिल’ नको, ‘मायक्रो’ तर नकोच. धातूची जाळी मशीनबरोबर आलेली असेल तीच वापरायची. पंखा फिरत असल्यामुळे कन्व्हेक्शनमध्ये १८० अंश पुरतात.

ट्रेवर फॉइल अंथरा, कडांवरून वर येईल अशी. त्यात अर्धा कप पाणी ओता, वर जाळी ठेवा. वरून टपकणारी चरबी आणि साखर कोरड्या गरम ट्रेवर पडली तर ती जळते, घरभर धूर होतो आणि तोच कडू धूर चिकनला बसतो. पाणी असलं की टपकलेलं नुसतं बुडतं. हे पाणी आटत आलं तर मध्येच थोडं घाला, गार नाही, गरम.

५. पहिली भाजणी: कोरडी

चिकन पिशवीतून काढून पेपर टॉवेलने नीट पुसा. हो, एवढं मुरवून पुसायचं. चव आत गेलेली आहे. वर उरलेला ओला सॉस म्हणजे फक्त साखर, आणि ती आधी जळणार. शिवाय ओली कातडी उकडते, भाजत नाही.

जाळीवर लेग कातडी खाली करून ठेवा, एकमेकांना चिकटू देऊ नका. पंधरा मिनिटं. मग चिमट्याने उलटा, हीच तुमची पहिली ‘हुली’. कातडी वर, आणखी पंधरा मिनिटं. मांडी आणि तंगडी वेगळ्या असतील तर दोन्ही बाजू मिळून पंचवीस मिनिटं. हाड काढलेल्या मांड्या असतील तर बाराच मिनिटं.

ओटीजीत मागचा कोपरा बहुतेक वेळा जास्त तापतो. उलटताना मागचे पुढे आणि पुढचे मागे करा. हवाईत जाळी फिरवणारी दोन माणसं असतात, इथे तुम्हीच.

या अर्ध्या तासात चिकन साधं, फिकट, जरा निराश दिसेल. दिसू दे. मोह होईल ब्रश उचलायचा. उचलू नका.

६. दरम्यान ग्लेझ आटवा

बाजूला काढलेला एक कप सॉस पातेल्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. उकळी आली की आच कमी. आठ-दहा मिनिटांत तो निम्म्यावर येतो. सुरुवातीचे बुडबुडे लहान आणि फेसाळ असतात, मग ते मोठे आणि आळशी होतात. तिथपासून लक्ष ठेवा, कारण शेवटच्या मिनिटात तो पटकन पुढे जातो.

कधी थांबायचं हे पाक करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एकतारी पाकाच्या जरा अलीकडे. चमच्याच्या पाठीवर घेऊन बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही की गॅस बंद. गार झाल्यावर तो आणखी दाटतो. जास्तच आटला तर चमचाभर अननसाचा रस घालून सारखा करा.

पुष्कळ जण इथे कॉर्नफ्लोअरची पेस्ट घालतात. लवकर दाट होतो खरा, पण त्याला चकाकी येते ती मंच्युरियनच्या ग्रेव्हीची, आणि ओव्हनमध्ये त्याचा जाड पापुद्रा धरून सालीसारखा निघतो. साखर स्वतःच आटवली तर थर पातळ आणि काचेसारखा बसतो. दहा मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा.

यातला दोन चमचे ग्लेझ वेगळ्या वाटीत काढून ठेवा, शेवटी वाढताना वरून घालायला. ब्रश त्या वाटीत घालायचा नाही.

७. लेप: पातळ, तीन वेळा

आता ओव्हन १८० वर आणा. कारण सांगते. चिकनवरचा सॉस ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपास राहतं. पाणी उडालं की साखर झपाट्याने वर चढते, १६० च्या पुढे कॅरॅमल व्हायला लागते, आणखी पुढे गेली की कडू. लहान ओटीजीत रॉड चिकनपासून चार बोटांवर असतो. २०० वर ठेवलं तर सोनेरी ते काळं हा प्रवास तुम्ही फोन उचलेपर्यंत संपतो.

चिकन उलटा, कातडी खाली. आता वर आलेल्या, बिनकातडीच्या बाजूला पातळ लेप लावा, पाच मिनिटं. परत उलटा, कातडी वर. लेप, पाच मिनिटं. मग न उलटता तिसरा लेप, पाच मिनिटं. एका वेळी जाड थर लावला तर तो ओघळून ट्रेमध्ये जातो. पातळ थर सुकतो, त्यावर दुसरा धरतो. घराला रंग देतात तसंच. हाड काढलेल्या मांड्यांना प्रत्येक वेळी चारच मिनिटं पुरतात.

दार उघडाल तेव्हा ट्रे बाहेर काढून दार लगेच बंद करा, लेप बाहेर लावा. दार उघडं ठेवून आत हात घालून लावत बसलं की ओव्हन थंड होतो आणि कोपर भाजतं. दोन्ही मी केलंय.

शेवटी हवं असेल तर फक्त वरचा रॉड, एक ते दोन मिनिटं. कडांवर तुरळक काळे ठिपके आले की झालं. या दोन मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही. कुकरची शिट्टी होऊ दे, दारावरची बेल वाजू दे.

८. शिजलंय का हे कसं ओळखायचं

रंगावर जाऊ नका, ग्लेझ कच्च्या चिकनलाही सुंदर दाखवतो. थर्मामीटर मांडीच्या सगळ्यात जाड भागात घाला, हाडाला टेकवू नका. ७४ अंश म्हणजे खायला सुरक्षित. पण लेगला मी ८० ते ८५ पर्यंत जाऊ देते, कारण तंगडीतला चिवट भाग तेव्हा कुठे मऊ होतो. ७४ वर काढलेला लेग शिजलेला असतो, पण हाडाजवळ रबरासारखा ओढला जातो.

थर्मामीटर नसेल तर सुरी हाडापर्यंत घाला. रस स्वच्छ आला पाहिजे, आणि तंगडीचं हाड हलकेच पिळलं तर सांधा सैल लागला पाहिजे. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, कधीकधी पूर्ण शिजल्यावरही हाडाच्या बाजूला गुलाबी छटा राहते. त्यामुळे नुसत्या रंगावरून घाबरूही नका.

कच्चं निघालं आणि वरून रंग पुरेसा आला असेल तर? फॉइल सैलसर झाकून १७० वर आणखी आठ-दहा मिनिटं. फॉइलखाली साखर जळत नाही.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवा. लगेच कापलं तर रस ताटात जातो.

९. धुराचं काय? (न केलं तरी चालेल)

तिकडच्या चिकनची अर्धी चव कियावेच्या धुराची. कियावे हे झाड हवाईचंही मूळचं नाही. १८२८ मध्ये एका फ्रेंच धर्मगुरूने होनोलुलूत पहिलं लावलं आणि मग ते कोरड्या किनाऱ्यांवर पसरलं. गंमत म्हणजे त्याचं सख्खं भावंड आपल्याकडे माळरानावर माजलेलं आहे: वेडी बाभूळ. कच्छमध्ये आणि तामिळनाडूत तिचा कोळसा करतात.

म्हणून आपली कोळशाची धुरी इथे नुसता जुगाड ठरत नाही, चवीला जवळची ठरते. लाकडी कोळशाचा छोटा तुकडा गॅसवर लाल करा, वाटीत ठेवा, वाटी चिकनच्या भांड्यात. वर तेलाचे दोन-तीन थेंब, लगेच झाकण. तीन मिनिटं पुरे. तूप घालू नका, लगेच तंदुरीच्या गावाला जाल. खिडकी उघडी ठेवा. बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या विटा वापरू नका, त्यांचा वास चिकनला लागतो. बाटलीतला ‘लिक्विड स्मोक’ मिळतो, तो दोन थेंबांवर गेला की औषधासारखा लागतो.

ही धुरी शेवटच्या लेपाआधी द्या. नंतर दिली तर झाकणाखालच्या वाफेने चकाकी मरते.

१०. कशाबरोबर वाढायचं

हवाईत ‘प्लेट लंच’ म्हणून जे ताट मिळतं त्यात आइस्क्रीमच्या डावाने काढलेले भाताचे दोन गोळे, एक गोळा मॅकरोनी सॅलड आणि हे चिकन. भात तिथे मध्यम दाण्याचा, चिकट. बासमती इथे अजिबात शोभत नाही, ग्लेझ त्याच्यावरून घरंगळतो. इंद्रायणी घ्या, मीठ न घालता मऊ शिजवा. मावळातल्या लोकांना हे वाचून हसू येईल, पण तिकडच्या भाताच्या जवळ जाणारं आपल्याकडे दुसरं काही नाही.

मॅकरोनी सॅलड म्हणजे जरा जास्तच शिजवलेली मॅकरोनी, किसलेलं गाजर, थोडा कांदा, मेयोनीज, मिरपूड, आणि दोन तास फ्रिजमध्ये. साधं, थंड, थोडं बेचव. चिकनच्या गोड-खारट माऱ्यापुढे ते बेचवच हवं असतं. माझ्या सासूबाईंनी त्याऐवजी काकडीची कोशिंबीर केली होती. ती संपली, सॅलड उरलं.

वर कापलेली कांद्याची पात आणि बाजूला ठेवलेला दोन चमचे ग्लेझ.

नेहमी येणाऱ्या अडचणी

ग्लेझ चिकटत नाही, ओघळतो: कातडी ओली होती किंवा ग्लेझ कमी आटला. चिकन खूप खारट: खारट सोया सॉस पाणी न घालता वापरला, किंवा बारा तासांच्या वर मुरवलं. कडू लागतं: लेप लवकर लागला, किंवा ट्रेमधलं पाणी आटून खाली जळलं. कातडी चिवट: ओव्हन पुरेसा तापला नव्हता, किंवा ट्रेमध्ये पाणी कपभराच्या वर गेलं आणि चिकन वाफेवर शिजलं. आतून पिठूळ: ताजा अननस न उकळता घातला.

एकदम आठ-दहा लेग करायचे असतील तर दोन फेऱ्या करा. ओटीजीत दोन ट्रे वर-खाली लावले की वरचा करपतो आणि खालचा उकडतो. पहिल्या फेरीचं कोरडं भाजून ठेवा, दुसरी फेरी भाजा, मग लेप देताना दोन्ही पाळीपाळीने घ्या. पाहुणे आल्यावर लेपाचंच काम उरतं.

उरलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. गरम करताना फॉइल झाकून १६० वर दहा-बारा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कातडी चामड्यासारखी होते, त्यापेक्षा गारच सोडवून घ्या आणि उरलेल्या इंद्रायणी भातात, पातीचा कांदा आणि एक फोडलेलं अंडं घालून तव्यावर परता. ट्रेची फॉइल मात्र पाणी गार झाल्यावरच उचला. खालच्या थेंबभर पाकाने माझ्या ओट्यावर जो डाग पडलाय, तो अजून आहे.